खरेदीखतातली वर्णबंदी

५ नोव्हेंबर १९१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहराचा एक नियम एकमताने रद्द केला. ज्या रस्त्यावर गोऱ्यांची घरे जास्त, तिथे कृष्णवर्णीयांनी राहायला जायचे नाही, आणि जिथे कृष्णवर्णीयांची जास्त, तिथे गोऱ्यांनी जायचे नाही, असा तो नियम होता. लुइव्हिल एकटे नव्हते. बाल्टिमोरने असा नियम १९१० मध्येच केला होता. एक कृष्णवर्णीय वकील मॅककलो स्ट्रीटवरच्या घरात राहायला गेला, एवढे कारण त्याला पुरले. रिचमंड आणि अटलांटा ही शहरे त्याच वाटेने गेली. सेंट लुइसमध्ये तर १९१६ साली नागरिकांनी मतदान करून मोठ्या बहुमताने असा नियम मंजूर केला. न्यायालयाने आता स्पष्ट सांगितले, की आपले घर कोणाला विकायचे हा मालकाचा हक्क आहे आणि वंशाच्या नावाखाली नगरपालिकेला तो हिरावून घेता येणार नाही.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने हा खटला ठरवून उभा केला होता. विजय खरा होता. पण निकालाने बांधले होते ते सरकारचे हात. शेजाऱ्यांनी आपसात करार करून तीच बंदी घातली तर काय, हा प्रश्न त्यात सुटला नव्हता. पुढची तीस वर्षे अमेरिकेतल्या शहरांची रचना याच प्रश्नाभोवती झाली.

या कराराला तिथे ‘रिस्ट्रिक्टिव्ह कव्हेनंट’ म्हणतात. जमीन विकताना खरेदीखतात घातलेली अट ती जागा पुढे ज्या ज्या मालकाकडे जाईल त्या प्रत्येकाला बांधील असते. अशा अटींत मुळात वाईट काही नाही. रस्त्यापासून घर इतके फूट आत असावे, आवारात कारखाना काढू नये, या अटीही त्याच जातीच्या. त्याच यादीत वंशाचे कलम बसवण्याची चाल एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरामध्ये १८८६ च्या एका करारात चिनी माणसाला जागा भाड्याने द्यायची नाही, असे लिहिले होते. १८९२ मध्ये तिथल्या संघीय न्यायाधीशांनी त्या कराराची अंमलबजावणी नाकारली. जे राज्याला करता येत नाही ते खाजगी करार करून न्यायालयाकडून करवून घेता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाला नेमक्या याच विचारापाशी यायला छप्पन्न वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात फार नुकसान होऊन गेले.

या अटींना पक्की यंत्रणा मिळाली ती कॅन्सस सिटीत. जे. सी. निकल्स हा तिथला जमीन विकसक. शहराच्या दक्षिणेला, मिझुरी आणि कॅन्सस या दोन्ही राज्यांत पसरलेली ‘कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट’ ही त्याची वसाहत देशभर नमुना म्हणून दाखवली जाई. वळणदार रस्ते, झाडी, कारंजी, आणि प्रत्येक खरेदीखतात वर्णबंदी. तोवर अशा अटींना मुदत असे. पंचवीस-तीस वर्षे झाली की त्या गळून पडत. निकल्सने त्यात दोन सुधारणा केल्या. मुदत संपली की अट आपोआप पुन्हा लागू व्हायची, आणि ती नको असेल तर बहुसंख्य मालकांनी मुदतीच्या पाच वर्षे आधी नोटरीसमोर सह्या करून तसा कागद नोंदवायचा. दुसरी सुधारणा म्हणजे घरमालकांचा संघ. वर्गणी गोळा करणे, बागा राखणे आणि अटी मोडणाऱ्याला कोर्टात खेचणे ही कामे त्याच्याकडे. आज ज्याला अमेरिकेत राहणारा प्रत्येक जण ‘एचओए’ म्हणतो त्या संस्थेची घडण इथे झाली. अट घालायला विकसकाची एक सही पुरे, आणि ती काढायला शेकडो लोकांनी वर्षानुवर्षे आधी जागे व्हायचे. या विषमतेने पुढे काय केले, ते २००५ मध्ये ठळकपणे समोर आले.

१९२६ मध्ये वॉशिंग्टनच्या एस स्ट्रीटवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला. १९२१ साली तिथल्या तीस गोऱ्या मालकांनी एकवीस वर्षे कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचा करार केला होता. त्यांतल्याच एका बाईने घर विकायला काढले आणि शेजारी कोर्टात गेला. हा खाजगी करार आहे, त्यात राज्यघटनेचा प्रश्न येत नाही, असे म्हणून न्यायालयाने हात झटकले. मग दारे सताड उघडली. राष्ट्रीय रिअल इस्टेट संघटनेने १९२४ मध्येच आपल्या आचारसंहितेत लिहिले होते, की ज्या वंशाच्या माणसांमुळे वस्तीतल्या घरांची किंमत उतरेल अशांना तिथे आणण्यात दलालाने सहभागी होऊ नये. म्हणजे कृष्णवर्णीय कुटुंबाला घर दाखवणारा दलाल हा व्यवसायाचे नीतिनियम मोडणारा ठरला.

शिकागोतले काम सर्वांत पद्धतशीर होते. दक्षिणेकडच्या शेतांवरून कारखान्यांच्या कामाला आलेल्या लोकांमुळे तिथली कृष्णवर्णीय वस्ती १९१० च्या सुमारे ४४ हजारांवरून १९४० पर्यंत पावणेतीन लाखांच्या वर गेली. शहराच्या रिअल इस्टेट मंडळाने वकील नेमून कराराचा नमुना तयार करवला आणि वस्ती सुधारणा मंडळांचे लोक तो घेऊन सह्यांसाठी दारोदार फिरले. त्या नमुन्यातले एक कलम आजही वाचवत नाही. कृष्णवर्णीयाने इमारतीत राहायचे नाही. पण रखवालदार, मोटारचालक किंवा घरकामाचा नोकर म्हणून तळघरात किंवा मागच्या गॅरेजमध्ये तो राहू शकतो. एकत्र राहण्याचीच अडचण असती तर ही सवलत सुचली नसती. माणूस जवळ चालत होता, बरोबरीचा चालत नव्हता.

कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने १९३७ मध्ये शिकागोच्या वॉशिंग्टन पार्क भागात घर घेतले. जमाव घरावर चालून आला. भिरकावलेला दगड त्याच्या लहान मुलीला लागता लागता राहिला. शेजारणीने दावा लावला आणि इलिनॉयच्या न्यायालयांनी कुटुंबाला घर सोडायला सांगितले. पण करारातच एक अट होती: रस्त्यालगतच्या ९५ टक्के जागेच्या मालकांनी सह्या केल्या तरच तो लागू. मोजणी झाली तेव्हा सह्या जेमतेम ५४ टक्क्यांच्या निघाल्या. तरीही आधीच्या एका खटल्यात दोन्ही पक्षांनी ‘९५ टक्के झाल्या’ असे मान्य केले होते म्हणून राज्याच्या न्यायालयांनी तेच सर्वांना लागू धरले. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला तो एवढ्याच तांत्रिक मुद्द्यावर, की ज्या खटल्यात हॅन्सबेरी नव्हतेच त्याचा निकाल त्यांना कसा बांधील? वर्णबंदी चूक की बरोबर, यावर एक शब्द नाही. ती लहान मुलगी म्हणजे लोरेन हॅन्सबेरी. घर घेऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबावरचे तिचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले.

दरम्यान संघीय सरकार स्वतः या खेळात उतरले होते. मंदीतून घरबांधणीला वर काढण्यासाठी १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले. बँकेने दिलेल्या गृहकर्जाचा विमा ते उतरवी. त्यामुळे थोडी रक्कम आधी भरून लांब मुदतीने घर घेणे सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आले. या खात्याच्या मूल्यांकन-पुस्तिकेत वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ हा मालमत्तेच्या किमतीला धोका मानला होता आणि खरेदीखतात वंशाची अट घालण्याची शिफारस होती. १९१७ मध्ये जे नगरपालिकांना मना केले होते ते आता वॉशिंग्टनहून कर्जाच्या वाटेने होऊ लागले. माझ्या मते या सबंध इतिहासातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच. शेजाऱ्यांचा द्वेष एका गल्लीपुरता राहिला असता. सरकारी विम्याने त्याला देशभराचे भांडवल पुरवले.

अटींतल्या शब्दांवरून कोण नकोसे होते ते कळते. कुठे ‘निग्रो’, कुठे ‘मंगोलियन’, कुठे ज्यू, सिएटलच्या वस्त्यांत सरसकट ‘आशियाई’. भारतीय माणूस यातून सुटलेला नव्हता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की भारतीय हे कायद्याच्या अर्थाने गोरे नाहीत. त्यानंतर नागरिकत्व हिरावले गेलेल्यांत पेशावरहून १९१५ मध्ये आलेले वैष्णोदास बगाई होते. बगाई कुटुंब बर्कलीतल्या नव्या घरी सामान घेऊन पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकून ठेवले होते. नागरिकत्व गेल्यावर, १९२८ मध्ये, वैष्णोदासांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी कला बगाई यांचे नाव आज बर्कलीतल्या एका रस्त्याला आहे.

या व्यवस्थेला तडा गेला तो सेंट लुइसच्या ४६०० लॅबडी अॅव्हेन्यू या दुमजली विटांच्या घरापाशी. जे. डी. शेली आणि एथेल शेली हे मिसिसिपीहून आलेले जोडपे, सहा मुले. १९४५ मध्ये त्यांच्या चर्चचे पाद्री, जे घरांची दलालीही करत, त्यांच्यामार्फत त्यांनी हे घर घेतले. १९११ मध्ये त्या रस्त्यावरच्या ३९ पैकी ३० मालकांनी पन्नास वर्षांचा करार केला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याच रस्त्यावर काही अंतरावर राहणाऱ्या लुइस आणि फर्न क्रेमर यांच्या नावाने मार्कस अॅव्हेन्यू इम्प्रूव्हमेंट असोसिएशनने दावा लावला. खालच्या कोर्टाने सर्व मालकांच्या सह्या नाहीत म्हणून करार अपुरा ठरवला. मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र करार उचलून धरला. शेलींचे वकील जॉर्ज व्हॉन यांनी वॉशिंग्टन गाठले.

तिथे डेट्रॉइटचा असाच मॅकगी खटला आणि राजधानीतलेच आणखी दोन खटले एकत्र आले. थर्गुड मार्शल, लॉरेन मिलर आणि चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी जानेवारी १९४८ मध्ये युक्तिवाद केले. ट्रूमन सरकारनेही कव्हेनंटच्या विरोधात आपले म्हणणे मांडले. हे महत्त्वाचे, कारण त्याच सरकारचे घरबांधणी खाते त्या कव्हेनंटवर चालत आले होते. नऊपैकी तीन न्यायमूर्तींनी सुनावणीतून अंग काढून घेतले. त्यांनी कारण दिले नाही. त्यांची स्वतःची घरे अशाच अटींखाली असावीत, असा तर्क तेव्हापासून केला जातो.

३ मे १९४८ रोजी उरलेल्या सहा न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांनी लिहिले त्याचा आशय असा, की शेजाऱ्यांनी आपखुशीने करार पाळला तर राज्यघटना आड येत नाही. पण तो पाळला जावा म्हणून न्यायालयाची सत्ता वापरली, तर ते राज्यानेच भेदभाव करणे होते. शेली कुटुंब लॅबडी अॅव्हेन्यूवर राहिले. पाच वर्षांनी न्यायालयाने उरलेली एक वाटही बंद केली: करार मोडून घर विकणाऱ्या गोऱ्या मालकाकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही. त्या वेळी एकमेव विरोधी मत दिले ते व्हिन्सन यांनीच.

पण करार बेकायदा ठरला नव्हता, फक्त कोर्टात चालेनासा झाला होता. नव्या खरेदीखतांत ही कलमे छापली जातच राहिली. गृहकर्जाचा विमा उतरवणाऱ्या संघीय खात्याने नव्याने कव्हेनंट घातलेल्या घरांना नकार द्यायला फेब्रुवारी १९५० उजाडावे लागले, आणि युद्धानंतरच्या उपनगरांची पहिली लाट तोवर उठून गेली होती. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनने १९४८ नंतर कलम वगळले, पण कृष्णवर्णीयांना घर विकायचे नाही हा रिवाज सोडला नाही. मिनेसोटाने १९५३ मध्ये नव्या अटींवर बंदी घातली, ती अपवाद म्हणून. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शहरे पेटली, आणि आठवड्याभरात, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग अॅक्टवर सही केली. वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारणे आता बेकायदा झाले. १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नोंदणी कार्यालयांनीही असे कलम नोंदवणे बेकायदा ठरवले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण कागद तसेच होते. १९८६ मध्ये विल्यम रेनक्विस्ट यांची सरन्यायाधीशपदासाठी सिनेटपुढे चौकशी झाली तेव्हा त्यांच्या व्हरमाँटमधल्या सुट्टीच्या घराच्या खतात ज्यूंना बंदी असल्याचे निघाले. देशाच्या सर्वोच्च न्यायमूर्तीच्या खतात हे असेल, तर बाकीच्यांचे काय? आणि याच काळात एचओए झपाट्याने वाढत होत्या. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मोजणीप्रमाणे १९७० मध्ये त्या सुमारे १० हजार होत्या. आज साडेतीन लाखांच्या वर आहेत आणि सात कोटींहून अधिक लोक त्यांच्या नियमांखाली राहतात. नव्या वसाहतीत घर घेणाऱ्याला संघाचे नियमपुस्तक हातात मिळते, आणि जुन्या वसाहतीत त्यातच ते कलम अजून छापलेले असे.

२००५ मध्ये कॅन्सस सिटीच्या ‘स्टार’ या वृत्तपत्राने निकल्सच्या वसाहतींचे कागद उघड केले. अनेक संघांना ते कलम काढून टाकायचे होते, पण पंचवीस वर्षांची साखळी, पाच वर्षे आधीची सूचना आणि बहुसंख्य मालकांच्या नोटरी केलेल्या सह्या यांत ते अडकले होते. मृत झालेल्या कलमाला पुरायचे, तर निकल्सने घातलेल्या रीतीनेच पुरावे लागत होते. मग त्याच वर्षी मिझुरीने आणि पाठोपाठ कॅन्ससने कायदा केला: वर्णबंदीचे कलम काढण्यासाठी संघाच्या कार्यकारी मंडळाने सभासदांच्या मंजुरीची वाट पाहायची नाही, मंडळानेच दुरुस्ती नोंदवायची. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्यात अशीच तरतूद आहे. तिथे नियमांची प्रत देणाऱ्या संघाने पहिल्याच पानावर ठळक चौदा पॉइंट अक्षरांत सांगायचे, की यात वंश-धर्माचे बंधन असल्यास ते रद्दबातल आहे. पण ही सोय ज्यांचा संघ जिवंत आहे त्यांनाच. ज्या वसाहतीत संघ कधीचा बंद पडला किंवा झालाच नाही, तिथल्या मालकाला एकट्याने कोर्टाची पायरी चढावी लागे. म्हणून गेल्या वीस वर्षांत राज्यामागून राज्याने ही प्रक्रिया अधिक संघांना आणि मग थेट एकेकट्या घरमालकांनाही खुली केली.

याच हत्याराची दुसरी बाजू ह्यूस्टनमध्ये दिसते. तिथल्या मतदारांनी १९४८, १९६२ आणि १९९३ असे तीनदा झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचे हे ठरवणारे शहराचे नियम, नाकारले. त्यामुळे घराशेजारी गॅरेज किंवा गोदाम येऊ नये, याची हमी फक्त खतातल्या अटींची. त्यांची मुदत संपत आली की वस्ती उघडी पडते. टेक्ससच्या विधिमंडळाने ठरावीक परगण्यांतल्या रहिवाशांना सह्यांच्या अर्जाने अटी वाढवण्याची किंवा बदलण्याची रीत दिली आणि वेळोवेळी ती आणखी वसाहतींना लागू केली. सामान्य माणसाचे घर जपणारी प्रक्रिया सोपी असायला हवी, हे इथेही पटते. पण म्हणूनच ती कोण कशासाठी वापरते यावर कायद्याची नजर हवी; शिकागोत सह्या गोळा करणारेही वस्ती ‘सुधारत’च होते.

२०१६ पासून मिनेसोटा विद्यापीठातला ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ प्रकल्प स्वयंसेवकांच्या मदतीने जुनी खते वाचून नकाशे बनवतो आहे. मिनिआपोलिस शहरात त्यांना सुमारे आठ हजार खतांत वर्णबंदी सापडली. नकाशा पाहिला की आजच्या महाग आणि स्वस्त वस्त्यांच्या सीमा कुठून आल्या ते उमगते. या अभ्यासकांचा आग्रह आहे, की कलमे पुसू नका. ती रद्द झाल्याची नोंद जोडा, पण पुरावा राहू द्या. मला हेच बरोबर वाटते. ज्यांचे आजी-आजोबा दारावरून परत पाठवले गेले त्यांच्याकडे त्या अपमानाचा दुसरा कागद नाही. मिनेसोटाच्या २०१९ च्या कायद्याने हीच वाट धरली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये परगण्यांच्या नोंदणी कार्यालयांनाच जुने दस्त तपासून शब्द झाकायला लावले. मूळ नोंद वेगळी जपायची.

शब्द झाकल्याने गेलेले घर मिळत नाही. मध्यमवर्गाची बहुतेक संपत्ती घरात असते आणि वारशाने पुढे जाते. ज्यांना ते १९४० मध्ये घेता आले नाही त्यांच्या नातवंडांकडे ती पोचली नाही. आज साधारण ७४ टक्के गोरी कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. बहुतेक मालमत्ता दस्तांच्या नोंदणीवर १०० डॉलर आकारून निधी उभा केला आणि एप्रिल १९६८ पूर्वी राज्यात राहणाऱ्या, अशा अटींची झळ बसलेल्या कुटुंबांच्या वंशजांना पहिले घर घेण्यासाठी त्यातून बिनव्याजी कर्ज द्यायला २०२४ मध्ये सुरुवात केली. कलम काढण्यापलीकडे जाणारा असा उपाय फार थोड्यांनी केला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. २००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपनियम वैध ठरवला. छोट्या समाजाने एकत्र राहण्याचा हक्क मागणे आणि मोठ्यांनी दुर्बळाला बाहेर ठेवणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे खरे. पण आडनाव, धर्म किंवा स्वयंपाक विचारून फ्लॅट नाकारणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांना कोणत्याही छोट्या समाजाचे रक्षण करायचे नसते. तो शुद्ध भेदभाव आहे, आणि तो थांबवणारा स्पष्ट कायदा महाराष्ट्राने केला पाहिजे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना एक सांगणे. आज तुम्ही ज्या वसाहतीत राहता तिच्या जुन्या खतांत कदाचित तुम्हालाच बंदी असेल. आपल्या घराची आणि एचओएची कागदपत्रे काढून वाचा. कॅलिफोर्नियात अशा कलमाची दुरुस्ती नोंदवायला शुल्क लागत नाही. इतर अनेक राज्यांतही आता सोपा अर्ज आहे. एचओएच्या सभेत हा विषय काढा, आणि कलम रद्द करताना मूळ कागदाची प्रत जवळच्या विद्यापीठाला किंवा ग्रंथालयाला जरूर द्या.